बुजवलेलं भोक

नाही, नाही, परेशभाऊ, काडतुसाचं मागाहून — आधी ह्या बंदुकीची नळी वाजवू द्या. आल्यापासून तुम्ही एकच विचारताय, अरबाबांनी, तुमच्या अरब मालकांनी, नेमबाजीच्या क्लबात उडवली तर चालेल ना? सांगतो. लायसन्स त्यांचं, हौस त्यांची, कबूल — पण गालही त्यांचाच टेकणार ना हिच्यावर? मग. हे वरचं लाकूड काढायचं, नळी अशी टांगायची, हातोडीच्या दांड्याने हलकेच मारायचं — ऐकलंत? थड. टण् वाजायला हवी होती. थ्री-नॉट-थ्री कितीही जुनी असली तरी धड असेल तर खणखणीत बोलते. फौजेत आर्मरर होतो मी, बंदुका दुरुस्त करायचो, हेच ऐकत आलो. आता आतून थोडं रॉकेल सोडू, इकडे या, उजेडात... थांबा, घाई नको... आला बघा घाम. गोल ओल उमटली ना? तिथे भोक होतं. वेल्ड करून बुजवलंय, वरून काळं पॉलिश. आणि काडतूस फुटतं ते नेमकं इथेच.

भोक कोणी पाडलं? मीच की. ह्याच टेबलावर, गेल्या उन्हाळ्यात. काडतूस मागून अडवून धरतो त्या बोल्टला चीर गेलेली, नळी गंजाने खाल्लेली — म्हटलं खलास, ही आता फक्त कवायतीची. एनसीसीत नव्हत्या का, गोळी न उडणाऱ्या? तशी. पुन्हा कोणी भरू नये म्हणून भोक पाडतात. मग ती माझा धाकटा भाऊ घेऊन गेला. सूर्यकांत. दादा, नवीन दुकानाच्या भिंतीवर लावतो, शोसाठी, म्हणाला. तुम्ही कुणाकडून घेतलीत ते सांगू नका, मला हात दिसतोय — हे कानशीचे ओरखडे बघा, उलट्या बाजूला उतरलेत. सूर्या डावरा आहे. टेबलाच्या त्या टोकाचा वाइस, ती लोखंडी पकड, मी त्याच्यासाठी उलटा बसवला होता, विझा काढून त्याला इकडे आखातात आणला तेव्हा. सगळे म्हणायचे, उजव्या हाताने शिकव, मी म्हटलं नाही, त्याचा हात आहे तसाच घडू दे. चांगलाच घडला. इतकं साफ बुजवणं मलाही जमलं नसतं — आणि बघा, अजूनही मला त्याचं कौतुकच वाटतंय, ह्याची लाज वाटते.

काय म्हणालात? बारूद निम्मं भरलं तर? धड बंदुकीला भरतात हलकं काडतूस, जुन्या नळीला सोसेल इतकंच. पण चिरलेल्या बोल्टला हलकं काय नि जड काय? बोल्ट मागे उडून तोंडात बसेल. हिला कुठलंच प्रमाण सेफ नाही, एक दाणासुद्धा नाही. — पण परेशभाऊ, तुम्ही अरबाबांची ऑफिसची कामं बघता. निम्मं बारूद हे तुम्हाला कोणी सुचवलं?

नका सांगू. अरबाब म्हणाले असतील, मोठा भाऊ चालेल म्हणाला तरच उडवतो. म्हणजे विकायची सूर्याने, आणि फुटली की शब्द माझा. मग तो म्हणणार, दादाला विचारलं होतं, दादा हो म्हणाला. मेलेली बंदूक विकली हे मी गिळलं असतं हो, घरातलं म्हणून. पण माझ्याच तोंडून हो काढून घ्यायला माणूस पाठवला?

एकटेच आलात ना तुम्ही? मग एवढा वेळ बाहेर गाडीचं इंजिन कुणासाठी चालू आहे? एसी कुणाला हवाय?

बंदूक इथेच राहील. अरबाबांना फोन मी करतो, कोणी बुजवलं तेही मीच सांगणार. नाही, सूर्याला गाडीतून आत बोलवू नका. त्याला रस्ता माहीत आहे, यायचं असतं तर आला असता. तुम्ही निघा, परेशभाऊ. यल्ला, चला. दार ओढून घ्या.