बाईंचे दोन शब्द

...आणि वर म्हणता, बाईंबद्दल 'दोन शब्द' बोला! अहो, दोनच बोलायचे तर मला पाठ आहेत. 'पुन्हा मोज.' झालं. बसू खाली?

नाही, हसू नका, तुम्हाला सांगतो, सहा वर्षं मी बाईंच्या हाताखाली परागकण मोजले. तळ्याच्या तळाचा चिखल काढायचा, धुऊन काचेच्या स्लाइडवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजत बसायचं, का, तर हजारो वर्षांपूर्वी तिथे कुठली झाडं होती ते कळावं... वडिलांनी विचारलं, "काय करतोस रे तिथे?" म्हटलं, चिखल मोजतो. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही, पाहुण्यांनाही विचारू दिलं नाही!

आकडा न्यावा, तर बाई मान वर न करता, "पुन्हा मोज." ताप आलाय म्हटलं, तर "किती?" एकशे एक. "पुन्हा मोज." लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, म्हणाल्या, "माणसं किती येणार?" अडीचशे म्हणून गेलो आणि जीभ चावली... पुढचं तुम्हीच म्हणा!

त्यात एक खोड. मी मोजलेलीच एखादी स्लाइड नवा नंबर चिकटवून महिन्याभराने गुपचूप माझ्याच ट्रेमध्ये सरकवायच्या. दोन्ही आकडे जवळपास जुळतात का बघायला! आणि मला हवं काय होतं हो? एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून 'बरोबर' ऐकायचं होतं.

दीड वर्ष झालं असेल, अशीच एक स्लाइड हाती आली, कोपऱ्यात ओरखडा. ओळखीचा! जुनी वही काढली, आकडा होता चारशे बारा. तोच नेला तर पकडले जाऊ, म्हणून दोन कमी केले. चारशे दहा. तेवढी अक्कल आली होती तोवर. बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर."

बरोबर! ज्याच्यासाठी जीव टाकत होतो ते... आणि घास उतरेना हो. डबा उघडला, मिटला. चार वाजता त्यांच्यापुढे उभा राहिलो, म्हटलं, बाई, मी मोजलंच नाही, ओरखड्यावरून ओळखली. मनात म्हटलं, संपलं, उचला आता सामान. बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. "पुन्हा मोज."

झालं, पुढची साडेचार वर्षं त्या धास्तीने एकेक स्लाइड तीन-तीनदा मोजली मी!

आता बाई गेल्यावर, मागच्या आठवड्यात, त्यांच्या बहिणीने त्यांचं कपाट आवरायला बोलावलं. त्यात बाईंची वही. डावीकडे माझा आकडा, शेजारी त्यांच्या अक्षरात त्यांचा. म्हणजे पहिलं दीड वर्ष माझी प्रत्येक स्लाइड बाईंनी स्वतः मोजली होती, प्रत्येक! आणि त्या ओरखड्याच्या तारखेला रांग थांबते. पुढे नुसते माझे आकडे, शेजारी कोरं. खाली एक ओळ: 'हा स्वतःची चूक येऊन सांगतो. यापुढे तपासायची गरज नाही.'

रडलो मी, लपवत नाही. बहिणीने पाणी आणून दिलं, पाठीवर हात ठेवला.

आणि पाणी पिता पिता डोकं फिरलं. अहो, मला सांगायला काय जात होतं? तपासत नव्हत्या, तरी रोज आपलं "पुन्हा मोज" चालूच! साडेचार वर्षं बाईंचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता... आणि त्यापायी चष्म्याचा नंबर वाढला तो माझा!