निकोलसचे डोळे

लुत्सिना : राजीनामा परत घे, बोग्ना. सोमवारी क्राकुवला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. महिनाभर मी इथे पाऊल टाकायची नाही. नाताळचा निम्मा माल रंगवायचा पडलाय. या दहाजणींना कोण सांभाळणार?

बोग्ना : ते मला नका विचारू, लुत्सिनाबाई.

लुत्सिना : तुलाच विचारणार. अकरा वर्षं झाली तुला इथे नाताळच्या झाडाचे काचेचे गोळे रंगवताना. माझ्यामागे कारखाना तूच बघायचा, हे मी कधीच ठरवलं होतं.

बोग्ना : हो? मला बरं कळलं नाही कधी.

लुत्सिना : आता सांगतेय ना! टेकडीपलीकडच्या त्या कारखान्यात असं काय मोठं लागून गेलंय? पगार जास्त देतात?

बोग्ना : थोडा कमीच.

लुत्सिना : मग डोकं फिरलंय का तुझं?

बोग्ना : एक विचारू? दुपारी आम्ही सूप प्यायला खाली गेलो, की तुम्ही वर काय करता?

लुत्सिना : करते काहीबाही. कागदपत्रं बघते.

बोग्ना : तिसऱ्या वर्षी मी मफलर विसरले म्हणून परत आले होते. गोळ्यांवर मी रंगवलेल्या संत निकोलसचे डोळे पुसून तुम्ही नव्याने काढत होतात. एकेक करत, अख्खा ट्रे.

(लुत्सिना चष्मा काढून पुसत राहते.)

लुत्सिना : तोंडावर सांगितलं असतं तर तुला लागलं असतं गं. म्हणून मी आपलं गुपचूप निभावून नेलं.

बोग्ना : आणि मी आठ वर्षं समजत राहिले, आपल्या हातात कलाच नाही. पुढे पुढे तर मन लावणंच सोडलं. नाहीतरी पुसलंच जाणार!

लुत्सिना : एकदा विचारायचंस तरी.

बोग्ना : मी विचारायचं?

लुत्सिना : नाही... मीच बोलायला हवं होतं. चुकलंच माझं.

बोग्ना : तिकडे परीक्षा म्हणून एक गोळा रंगवायला दिला. मालकाने तो उजेडात धरून पाहिला आणि सरळ विक्रीच्या खोक्यात ठेवला. बाकी काही नाही. बसथांब्यावर येऊन ढसाढसा रडले मी.

लुत्सिना : तू काढलेले डोळे वाईट नव्हते गं. हसरे होते. माझ्या आईने शिकवलेला निकोलस करारी. मला दुसरा बघवायचा नाही, एवढंच.

बोग्ना : हे तेव्हा ऐकलं असतं, तर मी जन्मात इथून हलले नसते.

लुत्सिना : अजून राहा. मरियामातेची शपथ, यापुढे कुणाच्या गोळ्याला हात लावणार नाही.

बोग्ना : उशीर झाला हो. मी त्यांना शब्द दिलाय.

लुत्सिना : बरं. निदान बाकीच्या दहाजणींना यातलं काही सांगू नकोस. मला तोंड दाखवायला जागा उरायची नाही.

बोग्ना : त्यांना काय सांगायचं, बाई? दुपारी खाली जाताना प्रत्येक जण तुमच्यासाठी एक ब्रश धुऊन ठेवून जाते.