एका खिडकीवर दोघं

अबे, मोताळ्याचा सलीमभाई बांगडीवाला माहीत आहे ना? त्याच्या पोराच्या बीएस्सीच्या ॲडमिशनले मी त्या बापलेकायसंग बुलढाण्याच्या सरकारी कॉलेजात गेलो होतो.

खिडकीवरचा बाबू म्हणे, "सरकारजवळ पैसा नाही, मास्तर भरणं बंद. म्हणून यंदा एक तुकडी कमी केली. जागा नाही."

सलीमभाई म्हणे, "माही पोरगी एमेस्सी आहे. मागच्या महिन्यात याच खिडकीवर नोकरी मागायले आली, तं तुम्ही म्हणे पोरं कमी, मास्तर लागत नाही. आता दोघायलेही घ्या. ती शिकवीन, हा शिकीन."

बाबू म्हणे, "मंग घरीच शिकवा ना, भाऊ."

"घरी तं ती शिकवूनच राह्यली. पण मार्कशीटवर शिक्का काय बांगड्यायच्या दुकानाचा मारू?"