बाबांचा दम, माझे दंड

(१९७८चा हिवाळा, वर्धा. दवाखान्यातून प्रभाकररावांना आज घरी सोडायचंय. बोलायची मात्र अजून मनाई आहे. खाटेजवळ त्यांची बायको सुलोचनाबाई अन् नववीतली लेक कोकिळा.)

कोकिळा : राग नका मानू डॉक्टरबाई, पण पोट मोठं असलं की दमाले जागाच उरत नाई, हे खरं का? वर्गातल्या पोरींनी पैज लावली, तू विचारूच शकत नाई म्हणून!

सुलोचनाबाई : कोकिळे! बापासमोर?

डॉक्टरबाई : विचारू द्या. खरं आहे ते. फ्लूनं छाती भरली की श्वास ओढायला जागा लागते. फुफ्फुस खाली पसरायला जातं, तर खालून पोट त्याला वर रेटतं. आडवं निजलं की जास्तच. म्हणून तर यांना मी बसतं ठेवलं.

सुलोचनाबाई : अन् मी घरी निजवून वरून गोधड्या टाकत होती! म्हटलं, अंगावर भरपूर आहे, आजार चरबी खाईन अन् निंगून जाईन.

डॉक्टरबाई : ताप मांसही खातो, सुलोचनाबाई. पाहा ना, पोट होतं तेवढंच आहे, मांड्या मात्र वाळल्या. खोकून कफ काढायलासुद्धा जोर मांसाचाच लागतो.

कोकिळा : म्हणजे माझ्या दंडासारखा!

सुलोचनाबाई : झाली सुरू! बाई, तुम्हीच सांगा हिले. कबड्डी खेळून खेळून दंड पाहा कसे झाले. आर्वीचे पाव्हणे पाहून गेले, म्हणे मुलगी पैलवान दिसते. तवापासून मैदान बंद केलं मी.

कोकिळा : अन् ताप मले नव्हता आला का? बाबांच्या आधी पडली, अन् बाबा पडले तवा मी विहिरीवर पाणी भरून राह्यली होती.

डॉक्टरबाई : तुझं वयही आहे, पोरी. फार फुशारकी नको. काटक माणसंही दगावलेली मी पाहिली आहेत. पण अंगात कस असला की माणूस बहुधा लवकर सावरतो. बरं, यांना इथवर आणलं कोणी?

कोकिळा : सांग ना आई.

सुलोचनाबाई : हिनंच. ओठ निळे पडले होते यांचे. रिक्षा भेटेना, आमच्या दुकानचा तानबा हमालबी तापानं पडलेला. दुकानची पोती वाहाच्या हातगाडीवर बसवलं, अन् घरून, पिपरीपासून लोटत आणलं हिनं. मी नुसती मागून रडत.

डॉक्टरबाई : अजून उशीर झाला असता, तर आज घरी न्यायची गोष्ट निघाली नसती.

कोकिळा : बाबा, हसू नका! खोकला येईन.

सुलोचनाबाई : देवच पावला. बाई, घरी डिंकाचे लाडू करून ठेवले आहेत, डबाभर...

डॉक्टरबाई : वरण द्या, दूध द्या. लाडू वाटून टाका. अन् रोज थोडं चालवा. दम लागला की थांबायचं.

सुलोचनाबाई : घरचं तूप होतं हो.

कोकिळा : पैज हरल्या ना पोरी, त्याहीले देईन! आता ऐका दोघंबी. बाबा, तुम्ही फक्त मान हलवा. सोमवारपासून मी कबड्डीले जाणार. अन् तुमच्यानं होईन तसं, मले मैदानापर्यंत सोडायले तुम्ही पायी येणार. हातगाडी मी दुकानात परत ठेवून दिली.