साहेबांची केबिन, आमची बेडरूम

...आणि वर मलाच विचारतात, "अहो, स्वतःच्या बेडरूमच्या दारावर टकटक कसली करता?" कसली म्हणजे? सवयीची! ज्या दारावर टकटक केल्याशिवाय उभ्या हयातीत मी पाऊल आत टाकलं नाही, त्या दारातून आता पायजम्यावर, खांद्यावर टॉवेल टाकून, शीळ घालत आत शिरायचं? मला नाही जमत बुवा. तुम्हाला जमेल? नाही, हसू नका, तुम्ही, तिसऱ्या रांगेतले, तुम्हीच! तुमचे जे कोणी साहेब असतील ना, त्यांच्या केबिनमध्ये तुमचा पलंग मांडला, डोक्याखाली उशी दिली आणि सांगितलं, झोपा आता निवांत... येईल झोप? बघा, मान हलवलीत!

तर तुम्हाला सांगतो, हे सगळं खूळ निघालं एका जाहिरातीतून. शहराचा मधला भाग, म्हणजे आपला तो सगळ्या कचेऱ्यांचा हो, तो आता राहण्यासारखा झालाय म्हणे! राहण्यासारखा! अहो, मी आयुष्यभर तिथे नोकरी केली, माझ्याइतका तो भाग कोणाला ठाऊक? संध्याकाळ झाली की अख्ख्या रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. भटकी कुत्रीसुद्धा शेवटच्या बसमागे धावत धावत घराकडे निघायची. आणि मग काय झालं, एकेक करून कचेऱ्याच गेल्या. काही शहराबाहेर गेल्या, काही कॉम्प्युटरात गेल्या, आमची विमा कंपनी दुसऱ्या कंपनीच्या पोटात गेली, आणि मी रिटायर होऊन घरी गेलो. सुटलो! उरल्या नुसत्या बिल्डिंगी. तर कोणा शहाण्याच्या डोक्यातून निघालं, की आता इथे माणसं राहायला आणू. टेबलं काढा, पलंग घाला. झालं राहण्यासारखं!

आता माझं घर काही वाईट होतं का? बसच्या शेवटच्या थांब्यावर, बैठं, पुढे एवढासा व्हरांडा, व्हरांड्यात माझी वेताची खुर्ची. त्या खुर्चीत टेकलो, की वर्तमानपत्र हातातून गळायच्या आधी मला झोप. अशी झोप, की एकदा शेजाऱ्यांनी भिंत पाडली ती मला चहाच्या वेळेला कळली! मला जगाकडून दुसरं काही नकोय हो. गाडी नको, परदेश नको. दुपारची झोप तेवढी द्या.

पण नाही! राहण्यासारखं झालंय ना!

ही म्हणाली, "नुसतं बघून तर येऊ." बायको 'नुसतं बघून येऊ' म्हणाली की पुरुषानं काय समजायचं ते इथे बसलेल्या निम्म्या लोकांना सांगायला नको. गेलो. बघतो तर आमच्याच जुन्या ऑफिसची बिल्डिंग, खाली काचेच्या खोलीत फ्लॅट विकणारी एक मुलगी बसलेली, अखंड हसणारी. म्हणजे बोलताना हसते, ऐकताना हसते, आपण शिंकलो तरी हसते. मला म्हणते, "सर, इथून तुम्ही चालत कामाला जाऊ शकता!" मी म्हटलं, "मी रिटायर झालोय." जरा अडखळली, पण हसू तसंच! म्हणते, "मग सर, तुम्ही नुसतंच चालू शकता!" आणि ही माझ्याकडे बघते, जणू घरी मला चालायला बंदी होती!

"आणि सर, खाली कॅफे आहे, झाडं आहेत, बसायला बाकं आहेत..." बाकं! ती बाकं बघितलीत का तुम्ही? मध्ये मध्ये लोखंडी दांडे घातलेत. का, तर कोणी आडवं होऊ नये! अहो, राहण्यासारखं शहर करायचं आणि बाकावर आडवंही होऊ द्यायचं नाही? झाडं कुंड्यांत. तीही चाकांच्या कुंड्यांत. सकाळी एक झाड खिडकीखाली असतं, दुपारी दुसऱ्याच फुटपाथवर! पाखरू बिचारं घरटं बांधणार कुठे? कॉफी म्हणाल तर ही ढीगभर प्रकारची, पाटी वाचून होईस्तोवर तहान मरते. पण आमच्या नळाचा वॉशर गेला, तर सगळा मधला भाग पालथा घातला, वॉशर नाही! एका दुकानात मेणबत्त्या, नुसत्या मेणबत्त्या, तिथल्या पोरीला विचारलं, तर म्हणते, "वॉशर कुठल्या सुगंधात हवाय?"

असो. तर त्या मुलीनं सांगितलं, "कंपनीच्या जुन्या माणसांना मजला निवडायचा पहिला मान." आणि मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "सातवा! ह्यांचा सातवाच मजला होता!" वर गेलो. लिफ्ट तीच, हिसका तोच. दार उघडलं, आणि बघतो तर काय! जिथे आमच्या सेक्शनची टेबलं होती तिथे स्वयंपाकघर, जिथे फायलींची खोली तिथे संडास, हे एक त्यातल्या त्यात योग्य केलं. मधला खांब मात्र तसाच ठेवलाय. त्या खांबाला खुर्ची टेकवून मी नोकरी केली, माझ्या डोक्याच्या तेलाचा हा एवढा डाग पडलाय त्यावर. तर ती मुलगी म्हणते, "सर, हे ओरिजिनल टेक्स्चर आहे, आर्किटेक्टनं मुद्दाम जपलंय." आणि वरून दिवा सोडलाय हो त्या डागावर! दिवा!

"आणि ही," म्हणाली, "मोठी बेडरूम, दोन्हीकडून उजेड!" मी दारातच थांबलो. साहेबांची केबिन! आमचे साहेब, पाठीमागे आम्ही त्यांना 'भोंगा' म्हणायचो. नुसतं "हंऽऽ" करून खाकरले, की अख्खं सेक्शन उभं! टायपिस्टबाई उभ्या, शिपाई उभा, एकदा तर विम्याचे पैसे मागायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा उभं राहिलं आणि तसंच निघून गेलं. त्या केबिनमध्ये ही सरळ शिरली, मधोमध उभी राहिली, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "हेच घ्यायचं."

मी म्हटलं, "अगं, दुसरा मजला बघू." तर म्हणते कशी, "एकदा तुमचा चष्मा घरी राहिला होता. दोन बसा बदलून मी घेऊन आले. तर तुमच्या शिपायानं मला लिफ्टपाशी स्टुलावर बसवलं. आत साहेब आहेत म्हणाला. चष्मा आत गेला, मी बाहेरच! सगळा जन्म तुमची वाट बघत घालवला मी, आणि तुम्ही बसायचात कुठे ते सुद्धा मला कोणी दाखवलं नाही. आता त्या केबिनमध्ये मी लोळणार!" तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मला तिचं फार वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून हो म्हटलं.

आलो राहायला. जुनं घर अजून विकलं नव्हतं, नुसतं कुलूप लावलं होतं. ही लोळायला लागली. आडवी झाली की झोपलीच, आणि मी टक्क जागा! छताकडे बघतोय. डोळा लागला-न लागला की वाटतं, आत्ता दार उघडेल आणि विचारतील, "काय चाललंय?" काय सांगणार? झोपतोय, साहेब? बरं, ही झोपेत खाकरते. खाकरली की मी पलंगाशेजारी उभा! ही जागी होऊन म्हणते, "काय हवंय?" मी म्हणतो, "काही नाही, सही." दाराबाहेर टकटक करून उभा राहतो, ही आतून ओरडते, "या की! आणि येताना पाणी आणा!" म्हणजे साहेबांच्या वेळेस निदान पाणी तरी शिपाई आणायचा!

पण राहण्यासारखं झालंय ना!

आणि एकदा तर कहर झाला. संध्याकाळ झाली, खिडकीतून ऊन त्या खांबावर आलं, आणि माझा हात आपोआप उठला, पिशवी काढली, चष्मा पुसला, स्वयंपाकघराचा दिवा बंद केला, लिफ्टनं खाली आलो, बस पकडली. खिडकीपाशी जागा मिळाली म्हणून खूशही झालो! निम्म्या वाटेत फोन. "अहो, कुठे आहात?" मी म्हटलं, "निघालोय घरी, काय आणायचंय?" मग म्हणाली, "घरी कुठे? मी घरीच आहे!" कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं. परत जायचं तिकीट मागितलं तर म्हणतो, "विसरलात का काही ऑफिसात?" मी म्हटलं, "हो. बायको."

घरी आलो, तर ही चिडलेली नव्हती हो, रडवेली झाली होती. म्हणाली, "जुन्या घराला गिऱ्हाईक आलंय. रविवारी शब्द द्यायचाय. तुम्हाला इथे नसेलच राहायचं तर तसं सांगा, मी येईन परत. पण कारण सांगा. केबिनला घाबरतो हे कारण सांगू नका, लोक हसतील." बघा म्हणजे, दार उघडं होतं! एक सज्जड कारण दिलं, की माझं घर, माझा व्हरांडा, माझी खुर्ची परत! मी रात्रंदिवस डोकं चालवलं. आणि मला सुचलं. म्हटलं, हिनं भोंगा ऐकलाय कुठे? एकदा त्या खोलीत साहेब समक्ष उभे राहू देत, एकदा तो "हंऽऽ" हिच्या कानांवर पडू दे. उभी नाही राहिली तर बघा! मग स्वतःच म्हणेल, नको ही खोली, चला घरी.

शनिवारी दुपारी साहेबांना चहाला बोलावलं. आले. खंगले होते हो. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं, अंगातला कोट जणू मोठ्या भावाचा. मुलाकडे राहतात. मी दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "या साहेब, आपलंच आहे." घर दाखवलं. बेडरूमच्या दाराशी आलो. मी सवयीनं टकटक केली. साहेब माझ्या मागे उभे! आतून ही म्हणाली, "या की!" साहेब आत गेले, चारी भिंतींकडे बघितलं, आणि... "हंऽऽ!"

मी उभा राहिलो. म्हणजे उभाच होतो, आणखी ताठ झालो. हिच्याकडे बघितलं. ही पलंगावर बसलेली, तशीच! म्हणते, "घसा बसलाय का हो? गरम पाणी देऊ?"

साहेब म्हणाले, "माझं टेबल इथे होतं. मागे कोच होता." मी म्हटलं, "हो ना साहेब! आणि दारावर लाल दिवा. तो लागला की आम्ही चपला काढून चालायचो. टायपिस्टबाई टायपिंग थांबवायच्या. फोन वाजू नये म्हणून शिपाई त्यावर हात ठेवून बसायचा. सगळे म्हणायचे, साहेब महत्त्वाच्या कामात आहेत!" साहेब म्हणाले, "महत्त्वाचंच होतं." पलंगावर टेकले, बूट काढले, आडवे झाले आणि तुम्हाला सांगतो, माझा 'साहेब' शब्द पुरा व्हायच्या आत घोरायला लागले! असं घोरणं, की पडदा हलत होता! म्हणजे आमची सगळी नोकरी, ते चवड्यांवर चालणं, तो दाबून धरलेला खोकला, ते गिळलेलं हसू... कशासाठी? हा माणूस आत झोपला होता! रोज! आणि मी बाहेर खांबाला डोकं टेकून जागा!

चहा तीनदा गरम केला. दिवेलागणीला उठले, आणि डोळ्यांत पाणी हो त्यांच्या! म्हणाले, "वहिनी, रिटायर झाल्यापासून मला झोप नाही. मुलाकडे टीव्ही, नातवंडं, कुकर. गोळ्या घेतल्या, डॉक्टर बदलले. आज झोपलो." ही विरघळली. माझी झोप गेली तेव्हा विरघळली नाही, पण साहेबांसाठी पार विरघळली! म्हणाली, "अहो, मग रोज येत जा की!" आणि माझ्याकडे वळून, "बघितलंत? खोलीत काही दोष नाही. दोष तुमच्यात आहे!"

रविवारी जुन्या घराचा शब्द दिला. वेताची खुर्ची गिऱ्हाईकाला आवडली, ती पण त्यातच गेली.

आता साहेब रोज येतात. जेवण झालं की बूट दाराशी, साहेब आत, दार बंद. ही खाली त्या चाकांच्या झाडांत मैत्रिणींबरोबर फिरायला जाते, फार खूश आहे, म्हणते किती राहण्यासारखं झालंय! आणि मी बाहेर स्टुलावर. कालच एक कुरिअरवाला आला, बेल वाजवणार एवढ्यात मी धावत जाऊन त्याचा हात धरला. तो म्हणाला, "काका, घर तुमचंच ना? सही करा." मी म्हटलं, "हो रे बाबा, घर माझंच. पण जरा हळू बोल... साहेब कामात आहेत."