देश नसलेला अर्थमंत्री

अवंतिका : बाबा, चला ना! जबलपूरचं मराठी मंडळ बंद करायची बैठक अन् अध्यक्षच घरी? कमानिया गेटला जाम लागला तर गेलंच मग.

मुरलीधर : थांब गं. आधी सांग, पगार कोण देत होतं त्याला?

अवंतिका : अरे देवा! मी एस्टोनियाच्या मंत्र्याची गोष्ट सांगून राहिली, अन् तुम्हाला पगार सुचतो!

मुरलीधर : जन्म बँकेत गेला माझा, दुसरं काय सुचणार? तोही बँकवालाच ना? तुझ्या स्टॉकहोमच्या घरमालकिणीचा आजोबा?

अवंतिका : हो जी. तिकडं एस्टोनियात मोठ्या बँकेचा डायरेक्टर. मग रशियन फौजेनं देशच गिळला. बायको-लेकरं घेऊन हा होडीतून समुद्र ओलांडून स्वीडनला पोचला. तिथं बँकेत साधा क्लार्क.

मुरलीधर : डायरेक्टर अन् क्लार्क? कोणाच्या हाताखाली?

अवंतिका : स्वतःच्या मुलाएवढ्या पोरांच्या. अन् सुट्टीच्या दिवशी, देशाबाहेर पळालेल्या एस्टोनियनांनी चालवलेल्या सरकारचा अर्थमंत्री. पगार कोणीच देत नव्हतं.

मुरलीधर : देश नाही, खजिना नाही, अन् अर्थमंत्री! लोक हसले असतील.

अवंतिका : खूप. त्याची बायकोसुद्धा हसायची म्हणे. पण बैठक असली की कोटाला इस्त्री तीच करायची.

मुरलीधर : बैठकीत करत काय होते?

अवंतिका : कोणी वारला की त्याच्या जागी दुसरा नेमायचे. बस. खुर्ची रिकामी नाही ठेवायची.

मुरलीधर : कुठवर?

अवंतिका : पूरी जिंदगी, बाबा. हा गेला, त्याच्या जागी दुसरा आला. अन् एक दिवस देश सच में स्वतंत्र झाला. तेव्हा उरलेले म्हातारे मायदेशी गेले अन् नव्या राष्ट्रपतीच्या हाती कारभार सोपवून आले.

मुरलीधर : यानं पाहिलंच नाही ते?

अवंतिका : नाही.



मुरलीधर : काटा आला गं अंगावर. केवढी छाती त्या माणसाची! अन् आम्ही? आमचा सेक्रेटरी शशिकांत वारला, चौघं उरलो, मराठीच्या वर्गाला पोरं येईनात, की निघालो मंडळाचा हॉल लग्नवाल्यांना द्यायला.

अवंतिका : तुम्ही थकले बाबा. कोणी नावं नाही ठेवणार.

मुरलीधर : तुझी शाळा हिंदी, गल्ली हिंदी. मराठी वाचायला कुठं शिकली तू?

अवंतिका : ...त्याच हॉलमध्ये.

मुरलीधर : तिथं बैठकीला बसलेल्या रत्नाकरला फोन लाव. सांग, येऊन राहिलो. पण मंडळ बंद नाही करायचं.

अवंतिका : मग बैठक कशाची?

मुरलीधर : शशिकांतच्या जागी सेक्रेटरी नेमायची. तुझं नाव मांडतो.

अवंतिका : माझं? काहून? बाबा, मी रविवारी स्टॉकहोमला परत चालली! मी जबलपुरात राहतच नाही.

मुरलीधर : तुझा तो अर्थमंत्री तरी कुठं राहत होता त्याच्या देशात?