सहाव्या टीव्हीवरच्या मिरच्या

दि. १९ सप्टेंबर २०१९, गुरुवार. सकाळी १०.४०.

मी, मुर्तिनिंगसिह, हार्तोयो यांची विधवा, वय ५८ वर्षे, शाळेच्या कार्यालयातून निवृत्त कारकून, राहणार आसेम गल्ली, घर क्र. ९, सालातिगा, समक्ष हजर राहून जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. मूलबाळ नाही. माझे पती हार्तोयो १५ ऑगस्ट रोजी दवाखान्यात वारले. त्याआधी पंधरा दिवस ते तेथे दाखल होते. मी त्यांच्याजवळ होते. घर बंद होते.

घराच्या पुढच्या खोलीत पती एकोणीस वर्षे व्हिडिओ गेम तासावर खेळायला देत असत. तेथे सहा टीव्ही आहेत. नवीन आलेल्या माणसाला ते चित्र बघून गेम निवडू देत नसत. त्याला बसवून थोडा वेळ गाड्यांचा, मग मारामारीचा, फुटबॉलचा, ठोकळे रचायचा, भुतांचा, शेतीचा, असे सगळे लावून देत आणि स्वतः पडद्याकडे न बघता त्याच्या हातांकडे बघत. "हात सैल पडले की तो खेळ त्याचा," असे म्हणत. एका ट्रकवाल्याला स्वयंपाकाचा खेळ लागू पडला. तेव्हा पती त्याला म्हणाले, "दादा, बायकोला कळू देऊ नकोस, घरीपण कांदे चिरायला बसवील." तो माणूस चार वर्षे येत होता.

मलाही ते म्हणत, "सहा टीव्ही आहेत, एक तुझा. काहीतरी निवड." मी कधी बसले नाही.

सहावा टीव्ही भिंतीकडचा, पतींचा स्वतःचा. त्यावर शेतीचा खेळ होता. त्या खेळातले दिवस खऱ्या दिवसांबरोबर चालतात. एक दिवस पाणी चुकले की रोपे माना टाकतात, तीन दिवस चुकले की मरतात. हे मला जेवताना ऐकून ठाऊक आहे. त्यांनी तेथे मिरच्या लावल्या होत्या.

पती गेल्यावर मी त्या खोलीला कुलूप लावले. त्या खोलीला रस्त्याकडून वेगळे दार आहे. रोज चार वाजता मी दफनभूमीत जाते, सव्वापाचला परत येते. हे गल्लीत सर्वांना माहीत आहे.

९ सप्टेंबर रोजी परत आल्यावर पुढच्या खोलीत तापलेल्या धुळीचा वास आला. मी टीव्हींच्या पाठीला हात लावून पाहिले. पाच गार होते. सहावा गरम होता.

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. मी शेजारच्या येंती हिला सांगितले. गल्लीत मला आदराने बू आणि पतींना पाक हार्तो म्हणतात. ती म्हणाली, "बू, अजून चाळीस दिवस कुठं झालेत? माणूस घरातच असतो तोवर. आणि पाक हार्तो खेळल्याशिवाय राहतील होय? घाबरू नका. त्यांची कॉफी ठेवत जा."

मी कॉफी ठेवून गेले. परत आले तेव्हा कॉफी संपलेली होती आणि पेला धुऊन पालथा घातलेला होता. माझ्या पतींनी छत्तीस वर्षांत एकदाही पेला धुतला नाही. मला भीती वाटू लागली ती तेव्हापासून. १२ सप्टेंबर रोजी सकाळी मी सहावा टीव्ही लावून पाहिला. मिरच्या मेलेल्या असायला हव्या होत्या. त्या हिरव्यागार उभ्या होत्या. त्यानंतर मी स्वयंपाकघरात दाराला टेबल लावून झोपत असे.

काल, १८ तारखेला, मी नेहमीप्रमाणे चार वाजता निघाले आणि गल्लीच्या टोकावरून वीस मिनिटांनी परत फिरले. पुढच्या खोलीतून त्या खेळाचे संगीत बाहेर येत होते. दार उघडून कोण आहे ते मी पाहिले नाही. हाक मारली नाही. ओसरीला टांगलेला लाकडी केंतोंगान, गल्लीला इशारा द्यायचा पोकळ ओंडका, घेऊन दोन-दोन ठोके दिले. आमच्याकडे दोन-दोन म्हणजे चोर. मदत हवी असेल तर गल्लीप्रमुखाच्या घरी जायचे असते, तेही मला ठाऊक आहे. ते घर चाळीस पावलांवर आहे. मी दोन-दोन वाजवले आणि चोर असे ओरडले. दोन-दोन ऐकून आलेली माणसे आधी काय करतात हे आमच्या गल्लीत लहान मुलालाही सांगावे लागत नाही.

माणसे आली. चौघे आत गेले आणि एकाला ओढत बाहेर आणले. त्याची लाकडी पेटी पडून उघडली. त्यातून आरी बाहेर पडली. कोणीतरी म्हणाले, "हत्यार आहे." त्यानंतर मारहाण झाली.

विचारल्यावरून सांगते की, तो वागियो, वय अंदाजे ४७, फिरून चपला-बूट शिवणारा. मी त्याला ओळखत होते. त्याची मुलगी वारल्यानंतर तो आमच्याकडे येऊ लागला. गाड्यांच्या खेळात तो इतरांना पुढे जाऊ देत असे. मारामारीचा लावला की हातातले यंत्र खाली ठेवत असे. शेतीच्या खेळात त्याचे हात सैल पडले. आरी त्याच्या धंद्याची आहे.

त्याला मी किती वेळानंतर ओळखले, हे मला नक्की सांगता येत नाही. मी थांबा म्हणाले. किती मोठ्याने, तेही सांगता येत नाही.

तो जमिनीवरून मला म्हणाला, "बू, पाक हार्तोंनी सांगितलं होतं पाणी घालायला. मी परत येईपर्यंत घाल म्हणाले." नंतर तो बोलला नाही.

मला आठवते की दवाखान्यात पती म्हणाले होते, "मिरच्यांची सोय केलीय." कोणाकडे, ते मी विचारले नाही. पती वारल्यावर तिसऱ्या दिवशी वागियो दारात आला होता. मी त्याला खोली बंद आहे, येऊ नकोस, एवढे बोलून दार लावले होते.

वागियोजवळ सापडलेली आणि ठाण्यात मला दाखवलेली चावी आमच्या पुढच्या खोलीची आहे. तिला बांधलेला लाल दोरा पतींच्या हातचा आहे. खोलीतील कोणतीही वस्तू गेलेली नाही.

आज सकाळी सहा वाजता गल्लीप्रमुख दार्सोनो घरी आले. त्यांनी विचारले, "बू मुर्ती, ठाण्यात काय सांगणार?"

मी म्हणाले, "झालं ते."

"झालं ते म्हणजे चोर आला. दोन-दोन तुम्हीच वाजवलंत. आम्ही काय जत्रा बघायला धावलो?"

"चावी त्याला यांनीच दिली होती, पाक."

"आता त्यांना विचारायला कोण जाणार? माझा धाकटा आहे त्या चौघांत. नीट विचार करा, बू. सोमवारी चाळिसावं आहे ना तुमच्याकडे? चटया अंथरायला, दुआ म्हणायला माणसं लागतील. आणि त्यानंतरही तुम्हाला याच गल्लीत राहायचंय."

ते आवाज न चढवता बोलले. जाताना त्यांनी केंतोंगान खुंटीवरून काढून बरोबर नेला. दुरुस्तीला, असे म्हणाले. तो मोडलेला नव्हता.

तरी मी सांगते की वागियो चोर नाही. तो पतींच्या सांगण्यावरून माझ्या घरात आला होता. चोर हा शब्द पहिल्यांदा मी उच्चारला. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. तो अजून शुद्धीवर आलेला नाही असे दवाखान्यातून कळले आहे. शुद्धीवर आल्यास चावी त्यालाच परत द्यावी. मला येथून घरी जाण्याची भीती वाटते, हेही लिहून घ्यावे.

दार्सोनो गेल्यावर आणि येथे येण्याआधी मी पुढच्या खोलीत गेले, आतून कडी घातली आणि सहावा टीव्ही लावला. पाण्याचे बटण कोणते ते मला ठाऊक नव्हते. आधी कुदळ निघाली आणि एक रोप उपटले गेले. मग झारी सापडली. उरलेल्या रोपांना पाणी घातले आणि टीव्ही बंद केला.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तेवढाच आहे, कमी-जास्त नाही.

(सही) मुर्तिनिंगसिह